धावत येणाऱ्यांची पाटी

दुकान बंद पडले की आधी माल जातो, मग कपाटे जातात, मग आरसा, पंखा, गल्ल्यामागची खुर्चीसुद्धा जाते. मालक घरी बसतो. पाटी मात्र वरच लटकत राहते, कारण तिचे काय करायचे हे कुणीच ठरवलेले नसते. महिना दोन महिने गेले की जागामालक कुरकुरायला लागतो, आणि मग कुणीतरी पाटीवालीला फोन करते.

पाटीवाली हे काही तिचे नाव नव्हे. पण लोकांच्या पाट्या उतरवण्यात बावीस वर्षे घातल्यावर माणसाला दुसरे नाव उरत नाही. घरामागे तिची पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये अर्ध्या शहराची बुडालेली दुकाने उभी होती. त्यातली पत्र्याची पाटी कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून जायची. फ्लेक्स ट्रकवर झाकायला जायचा. सुटी अक्षरे नव्या दुकानदारांना जायची, आणि हे अक्षर बुडालेल्या दुकानाचे आहे हे तिने कधी कुणाला सांगितले नाही. लोक अपशकुन मानतात. तिच्या स्वतःच्या न्हाणीघराचे दार म्हणजे एका मिठाईवाल्याची पाटी होती. त्यावर अजून ठळक वाचता यायचे, 'आमची कोठेही शाखा नाही'. पाहुणे आले की हसून हसून बाहेर यायचे.

हा धंदा तिला वडिलांकडून मिळाला, आणि धंद्याबरोबर एक नियमही मिळाला. वडील म्हणायचे, पाट्या दोन जातीच्या असतात. एक, जिच्याकडे माणूस चालत येतो. कापड, चपला, भांडी, घड्याळे. ती ठेव, वीक, तिचा पाट कर, काही कर. दुसरी, जिच्याकडे माणूस धावत येतो. डॉक्टर, औषधे, सुईण. ती खाली उतरवली की तिथेच, मालकाच्या डोळ्यांदेखत फोडायची. घरी आणायची नाही, गाडीत ठेवायची नाही, उद्यावर ढकलायची नाही. का, असे तिने लहानपणी विचारले होते. वडील म्हणाले होते, "धावणारा माणूस वाचत नाही गं. तो नुसतं बघतो."

वीस वर्षे तिने हा नियम पाळला. चांगले चांगले बोर्ड हातोड्याने फोडले. आणि मग कोपऱ्यावरचे ते जुने औषधांचे दुकान बंद पडले.

तिथली पाटी काचेची होती. हिरव्या उजेडाची बारीक नळी हाताने वाकवून केलेली, वर दवाखान्यावर असते तशी एक फुली आणि खाली 'औषधे' एवढेच. असली नळी वाकवणारे हात आता राहिले नाहीत. म्हाताऱ्या दुकानदाराने तोंड फिरवले आणि म्हणाला, "फोडा बाई, मला बघवत नाही." तिने हातोडा उचलला. मग आजूबाजूला बघितले, हातोडा खाली ठेवला, पाटी गोधडीत गुंडाळली आणि घरी आणली. आपण चोरी करतो आहोत असे तिला वाटले, आणि खरे म्हणजे मजाही वाटली.

चौदा महिने ती गोधडीतच होती. मग एक तरुण माणूस जुन्या वस्तू शोधत शेडमध्ये आला. त्याला कॉफीचे दुकान टाकायचे होते आणि भिंतींवर लावायला जुने काहीतरी हवे होते. ती गोधडी त्यानेच उलगडली. नंतर तो दुसऱ्या कशाकडे बघेचना.

"एका अटीवर देईन," पाटीवाली म्हणाली. "आतल्या भिंतीला लावायची. आणि पेटवायची नाही, कधीच."

"नाही पेटवणार," कॉफीवाला म्हणाला. त्याने मान इतक्या चटकन हलवली की तिथेच तिला कळायला हवे होते.

आता तिने काय केले ते ऐका. पाटी पोचवायच्या आदल्या दोन दिवसांत तिने ती दुरुस्त केली. नवा ट्रान्सफॉर्मर बसवला, किडलेली वायर बदलली, सांधे साफ केले. बिघडलेली वस्तू तिने आजवर कुणाच्या हातात दिली नव्हती. दिली असती तर तिला जेवण गेले नसते. बटण दाबले तशी सगळी शेड हिरवीगार झाली, आणि ती कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत उभी राहिली. पेटवायची नाही असे बजावून दिलेली वस्तू आपण पेटवून का बघतो आहोत, हा विचार तिच्या मनाला शिवलासुद्धा नाही. कारागीर माणसाचे असेच असते. हाताला खाज आली की अक्कल गहाण पडते.

त्यानंतर आठ महिन्यांनी एका बुधवारी नवरा जेवता जेवता म्हणाला, "अगं, तुझी हिरवी पाटी बघितली आज. काय झकास दिसते. पार रस्त्याच्या टोकापासून दिसते."

नवरा तिच्याच कामात होता. वायरिंग तो बघायचा आणि बोलण्यात कधी काही लपवायचा नाही.

"टोकापासून कशी दिसेल?" ती म्हणाली. "आत लावलीय ना?"

"आत कुठली? दारावर आहे. पेटलेली."

तिने उचललेला घास ताटात परत ठेवला. नवऱ्याने तिच्याकडे बघितले आणि पाण्याचा पेला पुढे सरकवला. "आता यात तोंड पाडण्यासारखं काय आहे? खाली टेबलं आहेत, कपबश्या आहेत. लोकांना डोळे नाहीत का?"

"बाबा काय म्हणायचे आठवतं ना?"

"बाबा म्हणायचे शनिवारी खिळा ठोकू नये. तू ठोकतेसच की."

एरवी ती हसली असती. त्या दिवशी तिने ताट बाजूला सारले. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते काही खोटे नाही. भांडी घासताना तिला कुणीतरी पळताना दिसायला लागले. कधी म्हातारा, कधी कडेवर पोर घेतलेली बाई. सगळे त्या हिरव्या उजेडाकडे पळत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती तिकडे गेली. बसमधून उतरली, कोपरा वळली आणि जागच्या जागी थांबली. नवऱ्याने सांगितले ते कमीच होते. पाटी अशी लखलखत होती की बाकीचा रस्ता तिच्यापुढे विझल्यासारखा वाटत होता. ती मुद्दाम हळूहळू चालली आणि कुठल्या पावलाला काय दिसते ते बघत गेली. झाडापाशी नुसती फुली दिसली. सायकलच्या दुकानापाशी 'औषधे' वाचता आले. कपबश्या दिसायला पार दारात जावे लागत होते. तिला आपल्या कामाचा अभिमान वाटला, आणि वाटल्याबरोबर स्वतःची लाज वाटली.

"या ताई, या," कॉफीवाला काउंटरमागून म्हणाला. "बघितलीत ना? सगळे तिच्यासमोर उभं राहून फोटो काढतात. तुमच्या पाटीनं दुकान चालवलंय माझं."

"तुम्ही आत लावणार होतात."

"आत होती हो, पहिले चार महिने. मग एकानं सुचवलं, बाहेर लाव. आणि काय फरक पडला सांगू?"

"कुणी येतं का? औषध मागायला?"

कॉफीवाला मोकळेपणाने हसला. माणूस वाईट नव्हता, हे तिला मागाहूनही मान्य करावे लागले. "येतात ना. आठवड्याला दोन-तीन तरी येतात. एक आजोबा तर डोकेदुखीची गोळी मागायला आले आणि कॉफी पिऊन गेले. डोकं थांबलं म्हणाले. मागच्या मंगळवारी तर कमाल झाली. एक माणूस आला, पायात चपला नाहीत. इथं काउंटरवर हात आपटून म्हणतो, दम्याचा पंप द्या. मी म्हटलं, दादा, इथं कॉफी मिळते. तो वर बघतो, माझ्याकडे बघतो, परत वर बघतो. त्याला कळेचना."

"मग?"

"मग गेला."

"कुठल्या बाजूला गेला?"

कॉफीवाल्याने आठवून डावीकडे हात केला. बाजाराकडे. औषधांचे खरे दुकान उजवीकडे होते, शाळेच्या मागे, आणि हे तिला पक्के माहीत होते, कारण त्या दुकानाची पाटी तिनेच बसवली होती.

"तुम्ही सांगितलं नाही त्याला, शाळेमागे जा म्हणून?"

"मला सुचायच्या आत तो गेला ताई. आणि गिऱ्हाइकं उभी होती." त्याचे हसू थोडे कमी झाले. "असेल कुठंतरी मिळालं त्याला. एवढं काय."

"पाटी बंद करा," ती म्हणाली. "मी दुसरी देते. चहाच्या दुकानाची एक सुरेख आहे, लाल अक्षरांची. फुकट देते. ही मला परत द्या."

"लाल कशाला? लोक हिरवी बघायला येतात."

"पेटवायची नाही असं ठरलं होतं आपलं."

आता कॉफीवाल्यालाही राग आला. त्याने फडके काउंटरवर टाकले आणि म्हणाला, "पेटवायचीच नव्हती तर दुरुस्त कशाला करून दिलीत? नवा ट्रान्सफॉर्मर घातलात. बटणसुद्धा लावून दिलंत. मला वाटलं, ताई नुसतं म्हणायचं म्हणून म्हणतायत."

तशीच ती बाहेर पडली.

फुटपाथवर उभी राहून तिने मनगटावरचे घड्याळ बघितले आणि डावीकडे निघाली. त्या माणसाने जसे केले असेल तसेच केले. बाजारात भाजीवाल्याला विचारले, औषधांचं दुकान कुठंय. त्याने पुढे बोट दाखवले. पुढच्याने मागे पाठवले. तिसरा म्हणाला, शाळेच्या मागे, पण इकडून लांब पडेल. पोचली तेव्हा एकोणीस मिनिटे झाली होती. कॉफीच्या दारातून उजवीकडे वळले असते तर सहा लागली असती, फार तर सात. तो धावत होता, म्हणजे दोन्ही वेळा कमी होतील, असा हिशोब तिने केला, आणि हा हिशोब आपण कुणाला वाचवायला करतो आहोत हे लक्षात आल्यावर सोडून दिला.

औषधांच्या दुकानात चष्म्याला दोरी लावलेल्या एक बाई होत्या. गर्दी नव्हती.

"मागच्या मंगळवारी एक माणूस आला होता का?" पाटीवालीने विचारले. "अनवाणी. दम्याचा पंप मागत."

बाईंनी चष्म्यावरून बघितले. "तुम्ही त्याच्या कोण?"

"कुणी नाही."

या उत्तरावर खरे तर त्यांनी गप्प बसायला हवे होते. पण पाटीवालीच्या तोंडावर त्यांना काहीतरी दिसले असणार. त्या म्हणाल्या, "आला होता. बाजाराच्या बाजूनं आला, घामानं निथळत होता. बायकोला दम लागला होता म्हणे. इथं नवीनच राहायला आलेत, पंप सामानात कुठं गेला ते सापडत नव्हता. सुट्टे घ्यायलासुद्धा थांबला नाही."

"म्हणजे मिळाला त्याला." तिने काउंटर धरला. "मिळाला ना?"

"मिळाला." बाईंनी चष्मा काढला आणि तो दोरीवर लोंबकळत राहिला. "दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला. पंप घेऊन. खोक्याचं सीलसुद्धा फोडलं नव्हतं. आम्हाला औषध परत घेता येत नाही हो. पण घेतलं. काय बोलणार त्याला? म्हणाला, पोचलो तेव्हा उपयोग नव्हता. एवढंच बोलला आणि गेला."

रस्त्यावरून शाळेतली मुले ओरडत चालली होती. पाटीवालीने ती सगळी जाईपर्यंत वाट बघितली.

"दहा मिनिटं आधी पोचला असता तर?"

"ते कुणी सांगू शकत नाही," बाई म्हणाल्या. "डॉक्टरसुद्धा नाही सांगणार. तुम्ही का विचारता?"

ती पायऱ्या उतरली. खोटे बोलायला तोंड उघडत नव्हते आणि खरे सांगायला धीर नव्हता.

घरी नवऱ्याने सगळे ऐकून घेतले. आधी तो म्हणाला, बाई त्याआधीच गेली असेल. मग म्हणाला, घरात पंप जागेवर नको का ठेवायला. मग स्वतःलाच ते बरे वाटले नसावे. शेवटी म्हणाला, "तू पेटवू नका म्हणून बजावलं होतंस. तुझ्याकडून तू सांगितलंस."

"सांगितलं. आणि बटण लावून दिलं."

यावर नवरा हाताची नखे बघत बसला. त्या बटणाची वायर त्यानेच तिला आणून दिली होती.

सकाळी तो एका चपलांच्या दुकानाचा बोर्ड उतरवायला गेला. ती टेम्पोत शिडी, पान्ह्यांची पिशवी आणि एक पोते टाकून एकटीच निघाली. कॉफीवाला तर पाटीला हात लावू देणार नाही, पोलिसांना बोलावेल, गर्दी जमेल, असे सगळे तिने वाटेत मनाशी लढवून ठेवले होते. काय झाले तर काय म्हणायचे, तेही घोकून ठेवले होते.

कॉफीवाला खुर्च्या मांडत होता. तिने त्याला सांगितले. लांबण लावली नाही. पंपाचे सील फोडलेले नव्हते, एवढे सांगितले आणि थांबली.

तो हातातली खुर्ची धरून तसाच उभा राहिला. "मी त्याला हसलो होतो ताई," तो म्हणाला. "तो गेल्यावर नाही. तो समोर असताना."

मग तो आत गेला आणि मेन स्विच पाडला. बाहेर काही आला नाही.

तिने शिडी लावली. फुटपाथच्या फरश्या वरखाली होत्या, शिडीचा एक पाय डुगडुगत होता, आणि खाली धरायला नवरा नव्हता. त्याला सांगून आले असते तर, असे तिला वाटले. पण सांगितले असते तर तो म्हणाला असता, मी करतो, तू खाली थांब. आणि तिला खाली थांबायचे नव्हते.

वर चढून तिने वायरी सोडवल्या आणि टोकांना पट्टी गुंडाळली. चार बोल्ट होते. कॉफीवाल्याने ज्याच्याकडून बसवून घेतले होते त्याने ते वाकडेतिकडे पिळले होते. पहिला निघाला, दुसरा निघाला. तिसऱ्याला जोर लावला तशी शिडी खालून सरकली. तिने पाटीलाच मिठी मारली, आणि काचेवर गाल टेकवून, डोळे मिटून, शिडी कधी जाते त्याची वाट बघत राहिली.

शिडी गेली नाही. खालून कुणीतरी ती घट्ट धरली होती.

"सावकाश," एक पुरुषी आवाज म्हणाला. "इथली फरशी निसटलीय. मी धरतो, तुम्ही करा."

"देव तुमचं भलं करो," ती म्हणाली. तिने पान्हा पुन्हा लावला.

"काढताय का ही?"

"हो."

"बरं झालं." तिसरा बोल्ट निघाला. "मी फसलो होतो हिच्यापायी. मागच्या मंगळवारी. लांबून बघितलं, म्हटलं, सापडलं दुकान. फोनवर बायकोला सांगितलंसुद्धा, दुकान समोर दिसतंय, दोन मिनिटांत आलोच."

पान्हा तिच्या हातात तसाच राहिला. तिने खाली बघितले नाही. बघायची हिंमतच झाली नाही. त्याचे केस पिकलेले आहेत की काळे, तो म्हातारा आहे की तरुण, यातले काहीच तिला जाणून घ्यायचे नव्हते.

"मला एक कळत नाही," तो खालून म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, खरोखरच कळत नव्हते त्याला. "असली वस्तू मिळते कुठं? दुकान बंद झालं तर पाटीपण जायला पाहिजे ना. ही देतं कोण?"

कॉफीवाला आत होता. रस्त्यावर त्यांच्याकडे कुणाचे लक्ष नव्हते. 'काय माहीत दादा, मी नुसती उतरवणारी,' एवढे म्हटले असते तरी चालून गेले असते, आणि ते वाक्य तिच्या जिभेवर अगदी तयार होते. पाटीचे सगळे ओझे आता एका बोल्टवर आणि तिच्या डाव्या खांद्यावर होते. त्याने हात काढला असता तर ती पाटीसकट खाली आली असती.

"मी दिली," ती म्हणाली. "जुनी, बंद पडलेली होती. मीच दुरुस्त करून दिली."

एक रिक्षा गेली. तिने शेवटच्या बोल्टला पान्हा लावला आणि पिळला नाही.

शिडी तशीच घट्ट राहिली.

"आधी ती नीट खाली घ्या," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता. "मी धरलीय. मग मला सांगायचं, दुरुस्त का केलीत."